बाबा, तिकीट होतं

बाबा,

परवा सकाळी निखिल तुम्हाला घेऊन संगमनेरला गेला. तांब्याचा छोटा कलश, तोंडाला लाल फडकं बांधलेलं, आणि तो त्याच्या ऑफिसच्या सॅकमध्ये, लॅपटॉपच्या कप्प्यात. विमानतळावर बॅग तपासणारे काय विचारतील याची त्याला धाकधूक होती. कोणी काही विचारलं नाही म्हणे. कलश बघून त्या माणसाने नुसते हात जोडले. पुण्यापर्यंत विमान, पुढे गाडी. तिकीट मिळायला दहा मिनिटं लागली. मी शेजारीच बसले होते आणि मला त्याच्या मोबाइलकडे बघवत नव्हतं.

मी मागे राहिले. अन्वीची वार्षिक परीक्षा चालू आहे. कारण खरं आहे, पण ते मिळालं म्हणून मला बरं वाटलं, हेही खरं आहे. संगमनेरला तुमच्या दारात सून म्हणून उभं राहायची माझी हिंमत नव्हती.

आज सकाळी दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा सुटला आणि सिंकमध्ये पडला. तुम्ही म्हणायचात, "पूर्ण तोडू नको गं, लोंबता ठेव. पिशवीबरोबर राहिला तर परत कामाला येतो. सुटला की कुणाच्या तरी पोटात जातो." पहिल्यांदा तुम्ही हे बोललात तेव्हा मी मनात म्हटलं होतं, आता दूध कसं कापायचं तेही शिकवणार. आज मी जाळीत बोट घालून तो तुकडा शोधला. नखाएवढा होता. धुऊन पुसून पिशवीत टाकला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. अन्वी आली आणि म्हणाली, "आई, मला उशीर होतोय." म्हणून मी हलले.

तुम्ही आलात तेव्हा तुमच्याकडे एकच बॅग होती. आईंना जाऊन दीड महिना झाला होता. निखिल तुम्हाला म्हणाला होता, "दोन महिने चला, मन रमेल." त्या बेताने तुम्ही चार शर्ट, दोन पायजमे आणि पितळेचा आपला तांब्या घेऊन आलात. घराची किल्ली शेजाऱ्यांकडे दिलीत आणि त्यांना सांगितलंत की मोगऱ्याला एक दिवसाआड पाणी घाला, मी येतोच. त्याला आता तीन वर्षं झाली.

बंगालमधल्या न्यू टाउनचा हा चौदावा मजला तुम्हाला कधीच मानवला नाही. पहिले दिवस तुम्ही बाल्कनीच्या खुर्चीत बसून समोरच्या टॉवरचे मजले मोजायचात. खिडक्यांच्या काचा अर्ध्याच सरकतात, तर तुम्ही मला विचारलंत, "पूर्ण कशा उघडायच्या?" मी म्हटलं, "उघडत नाहीत, बाबा." तुम्ही काचेवर तळवा ठेवून जरा वेळ उभे राहिलात. नऊ टॉवर, सगळे एका साच्यातले. तिसऱ्याच आठवड्यात तुम्ही फिरून येताना चुकून शेजारच्या टॉवरमध्ये गेलात, चौदाव्या मजल्यावर उतरलात आणि परक्या दाराला आपली किल्ली लावत राहिलात. आतून एक म्हाताऱ्या बंगाली बाई आल्या. त्यांना तुमचं कळेना, तुम्हाला त्यांचं कळेना. त्यांनी तुम्हाला बसवून चहा दिला, वर संदेश, म्हणजे इथली मिठाई, दिला आणि खाली फोन केला. रखवालदार तुम्हाला घेऊन आला. "चहा बरा होता," तुम्ही म्हणालात. आम्ही हसलो. तुम्हीही हसलात, पण त्यानंतर आठ दिवस तुम्ही खाली उतरला नाहीत. ते मला फार उशिरा लक्षात आलं.

मी तरी कुठे उतरत होते? सकाळी नऊला हेडफोन कानाला लावायचा आणि विमा कंपनीच्या लोकांशी इंग्रजीत बोलायला बसायचं. कामाच्या बाईशी हिंदी, लिफ्टमध्ये बंगाली, तेही मोडकं. अन्वी माझीच मुलगी, पण तीही बंगालीच्या सवयीने "मी पाणी खाल्लं" म्हणते. निखिल जर्मनीला गेल्यावर मराठी बोलायला मला या शहरात तुमच्याशिवाय कोणी नव्हतं. हे वाक्य नीट ऐका, बाबा. पुढे जे मी केलं त्याच्या मुळाशी हेच आहे.

पाण्यापासून तुमचं सुरू झालं. सगळा जन्म पालिकेच्या पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्ह फिरवण्यात गेलेला, त्यामुळे घरात कुठे पाणी वाहिलं की तुम्हाला ते आतल्या खोलीत ऐकू यायचं. एकदा फिल्टरच्या मागची बारीक नळी हातात धरून तुम्ही मला विचारलंत,

"हे पाणी कुठं जातं?"

"वाया जातं. मशीन तसंच असतं, बाबा."

"सगळ्या मजल्यांवर?"

"हो."

नळीखाली बादली लावलीत. त्या पाण्याने फरशी पुसायची, हे तुम्ही कामाच्या बाईला खुणेने शिकवलंत. मग एसीच्या नळीखाली डबा आला, ते पाणी कुंड्यांना. भाजी धुतलेल्या पाण्यासाठी पातेलं आलं. बाल्कनीत दोन माठ आले आणि त्यात भाजीची देठं, सालं, चहाचा चोथा जायला लागला. खोलीतून बाहेर पडताना तुम्ही दिवा, पंखा बंद करायचात, आणि आम्ही बसलेलो असलो तरी कधी कधी करायचात. वरून म्हणायचात, "अरे, आहात होय?" कधी कुणाला उपदेश केला नाहीत. पण घरात चालताना तुमच्या बादल्या पायात यायच्या, आणि एक दिवस मीटिंगच्या मध्ये पाणी प्यायला उठलेली मी सांडलेल्या पाण्यावरून सरळ आपटले.

मी ओरडले. हेडफोन गळ्यात होता, माइक चालू होता, पुण्यातल्या सात माणसांनी ते ऐकलं. "घर आहे की वॉटरवर्क्स आहे हे? एका बादलीने काय होणार आहे, बाबा? खाली कारंजं दिवसभर उडतंय ते दिसत नाही का तुम्हाला?"

तुम्ही फडकं आणलंत, फरशी पुसलीत. मग म्हणालात, "कारंज्याचा व्हॉल्व्ह माझ्या हातात नाही, मनीषा. हा नळ आहे."

पुढचे दोन दिवस बादल्या दिसल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मीच लावली, पण तुम्हाला काही म्हटलं नाही. आपला वाद तिथेच अर्धा राहिला. मला अजूनही वाटतं की एका बादलीने काही होत नाही. तुम्ही असता तर आज पुन्हा भांडले असते, आणि भांडून झाल्यावर बादली लावली असती.

मग तुम्हाला तो डोबा सापडला. डोबा म्हणजे इथल्या भाषेत डबकं म्हणा, छोटं तळं म्हणा. ओला कचरा खाली नेल्यावर त्याचं पुढे काय होतं ते बघायला तुम्ही एकदा पिशवी घेऊन स्वतः गेलात. कचऱ्याच्या खोलीमागे कुंपणाची भिंत, तिला एक लोखंडी फाटक, त्याची किल्ली सुबलदांकडे. सुबलदा म्हणजे आपल्या संकुलाचे माळी, तुमच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, केस पार पिकलेले. फाटकाच्या पलीकडे बांधकामाची वाट बघत पडलेली जमीन, कडेला अळूचं रान, आणि मधोमध जलपर्णीने अर्धं झाकलेलं पाणी. त्या दिवशी तुम्ही वर आलात ते चपलांना चिखल लावून, आणि माझी मीटिंग चालू असताना दारातूनच म्हणालात, "खंड्या आहे गं खाली!" मी हाताने थांबा अशी खूण केली. तुम्ही थांबलात. मीटिंग संपली तोवर तुम्ही जेवून झोपला होतात.

त्यानंतर तुमचा दिवस त्या फाटकाभोवती फिरायला लागला. अन्वी शाळेतून आली की तिला घेऊन जायचात. सुबलदांना मराठी येत नव्हतं, तुम्हाला बंगाली येत नव्हतं, मधे अन्वी. तुमचा खंड्या त्यांचा माछरांगा, तुमची पाणकोंबडी त्यांची डाहुक, तुमची साळुंकी त्यांची शालिक. घरी येऊन अन्वी माझी नावांची परीक्षा घ्यायची आणि मी नापास व्हायचे. दुर्गापूजेच्या आधी संध्याकाळी कसला तरी उग्र गोड वास बाल्कनीत यायला लागला, तेव्हा मी म्हटलं कोणीतरी अगरबत्ती लावली असेल. तुम्ही म्हणालात, "सातवीण फुललीय. आठव्या टॉवरमागे आहे. सुबल छातिम म्हणतो." इथे राहून मला सहा वर्षं झाली होती, तुम्हाला आठ महिने.

एकदाच आले मी. तुम्ही हट्ट धरलात म्हणून, आणि त्या दिवशी नेट बंद पडलं म्हणून. फाटकातून बाहेर पडल्यावर माझ्या सँडलखाली माती दबली. मी किती दिवसांनी मातीवर उभी राहिले होते ते मला आठवेना. "बोलू नको आता," तुम्ही पुटपुटलात. आपण विटांच्या ढिगावर बसलो. दहा मिनिटं काही झालं नाही. मला कामं आठवायला लागली. आणि मग अळूच्या पानांतून ती डाहुक बाहेर आली, पोट पांढरं, शेपटी वर-खाली करत, आणि तिच्यामागे चार पिल्लं. काळी, कापसाच्या बोळ्यांएवढी. जलपर्णीच्या पानांवर पाय देत ती पाण्यावरून पलीकडे गेली. चौथं मागे राहिलं, घाबरलं, परत फिरलं, मग पळत सुटलं. तुम्ही माझ्या मनगटाला हात लावलात. बस, एवढंच. माझ्या वडिलांनी मला असं काही कधी दाखवलं नव्हतं. हे तुम्हाला सांगायचं राहिलं.

अळू बघून तुमच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. सुबलदा हसून म्हणाले, "ना दादू, ये वाला खाने से गला चुलकाएगा." नाही आजोबा, हे खाल्लं तर घसा खाजेल. तुम्ही म्हणालात, "आमच्या संगमनेरचं नाही खाजत." आणि वर येताना लिफ्टमध्ये, आकडे बदलत असताना, तुम्ही मला पहिल्यांदा विचारलंत.

"मनीषा, माझं तिकीट काढशील का? हावड्याहून नाशिकरोड. दोन महिने जाऊन येतो. घर उघडून बघायला पाहिजे."

तेव्हा निखिल जर्मनीत होता, वर्षभरासाठी. मी म्हटलं, बघते. संध्याकाळी मोबाइल उघडला. दोन आठवड्यांनंतरच्या गाडीत जागा होत्या. हिरव्या अक्षरांत लिहिलेलं होतं, उपलब्ध. मी ते वाचलं, आणि बाहेरच्या खोलीत तुमचा आणि अन्वीचा आवाज ऐकला. तुम्ही तिच्याकडून मराठी पाढे म्हणून घेत होतात, आणि "बे पंचे" नंतर ती बंगालीत घसरत होती. मला दिसायला लागलं की तुम्ही गेल्यावर हे घर कसं असेल. मी, स्क्रीन, आणि अर्ध्या सरकणाऱ्या काचा.

मी बाहेर आले आणि म्हणाले, "वेटिंग आहे, बाबा. शंभरच्या वर."

"दिवाळीची गर्दी असेल," तुम्ही म्हणालात. म्हणजे माझ्या खोट्याला कारणही तुम्हीच शोधून दिलंत.

दुसऱ्यांदा तुम्ही मे महिन्यात विचारलंत. मी म्हटलं, सुट्टीची गर्दी. त्या सुट्टीत आपण तिघं दार्जिलिंगला गेलो, उन्हाळ्यात संगमनेरला काय जायचं म्हणून. तिथे चहाच्या मळ्यात तुम्ही एका म्हातारीला विचारत होतात की इथे पाणी कुठून येतं.

आणि मग सप्टेंबरातला तो दिवस. दुपारी एकला तुम्ही "जरा खाली जातो" म्हणून गेलात. अन्वी शाळेतून आली, तुम्ही नव्हतात. डोब्यावर नव्हतात. फोन तुमच्या उशाखाली वाजला. मी नऊही टॉवर पालथे घातले, रस्त्यावर धावले, बस थांब्यावरच्या लोकांना मोबाइलमधला तुमचा फोटो दाखवत फिरले. त्यांनी मला विचारलं, "कोथाय जेते पारेन?" कुठे जाऊ शकतील? या शहरात तुम्हाला जायला जागाच कुठे होती? सहाच्या सुमाराला तुम्ही गेटमधून आत आलात, हातात काशाचे चार तुरे, रस्त्याकडेला फुललेल्या त्या पांढऱ्या गवताचे. "अन्वीला," तुम्ही म्हणालात.

"कुठे होतात तुम्ही?"

"गंगा बघायला गेलो होतो. बसने."

"तुम्हाला काही झालं असतं तर निखिलला मी काय सांगायचं होतं? मी एकटी आहे इथे, कळतं का तुम्हाला?" सगळ्यांसमोर, मोठ्याने, मराठीत. कोणाला कळलं नाही, पण आवाज सगळ्यांना कळला.

"कळतं," तुम्ही म्हणालात.

दुसऱ्या दिवशी मी काय केलं ते तुम्हाला माहीत आहे. मी गेटवर सांगून आले की दादूंना एकट्याला बाहेर सोडायचं नाही. त्यांची आठवण जाते, असंही म्हणाले. तुमची आठवण, बाबा! ज्या माणसाला संगमनेरचा एकेक व्हॉल्व्ह पाठ होता! दोन दिवसांनी तुम्ही कोपऱ्यावर पेरू आणायला निघालात आणि रखवालदाराने हात आडवा केला. "दादू, मॅडमने मना किया है." तिथे चार माणसं उभी होती. तुम्ही वर आलात, कापडी पिशवी चौघडी घालून तिच्या जागी ठेवलीत आणि पेपर वाचायला बसलात. पेपर उलटा नव्हता काही. तुम्ही खरंच वाचत होतात. मला वाटलं होतं तुम्ही ओरडाल, आणि ओरडला असता तर मी माफी मागितली असती. तुम्ही संध्याकाळी माठातलं खत खालीवर केलंत आणि अन्वीला बोलावून गांडूळ दाखवलंत.

तिसऱ्यांदा तुम्ही विचारलंत ते पूजेनंतर. निखिल तोवर परत आलेला होता. मी एकटी नव्हते. मला खोटं बोलायला आता काही कारण नव्हतं. तुम्ही कुंडीतली तुळस खुडत होतात, आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "तिकिटाचं काही जमतं का बघ ना."

मी मोबाइल उघडलाही नाही. म्हटलं, "वेटिंगच आहे, बाबा."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. बराच वेळ. मग म्हणालात, "बरं."

त्यानंतर पुन्हा कधी विचारलं नाहीत. गेटबाहेर गेला नाहीत. मागचं फाटक आणि तो डोबा एवढंच तुमचं उरलं, आणि तिथे तुम्ही रोज जात राहिलात. या जानेवारीपासून तेही बंद झालं. छातीत कफ, पायांना सूज. तुमची कॉट आम्ही खिडकीशी ओढली, पण तिथून डोबा दिसत नाही, समोरचा टॉवरच दिसतो. अन्वी खाली जाऊन यायची आणि तुम्हाला सांगायची, आज डाहुक होती, आज नव्हती. हॉस्पिटलात चार दिवस. शेवटच्या दुपारी तुमचे ओठ हलले म्हणून मी कान जवळ नेला. मला वाटलं आता तुम्ही मला काहीतरी म्हणाल. तुम्ही कोपऱ्यातल्या बेसिनकडे बोट केलंत. "नळ," तुम्ही म्हणालात. कोणीतरी हात धुऊन तो अर्धवट सोडला होता. मी जाऊन बंद केला. परत येऊन बसले. तुम्ही डोळे मिटले होते.

तुम्ही गेल्याच्या चौथ्या दिवशी सुबलदा आले. चपला लिफ्टपाशीच काढून, अनवाणी. खुर्चीच्या कडेवर बसले. निखिल कागदपत्रांसाठी बाहेर गेला होता. त्यांनी पाणी घेतलं, पूर्ण प्यायले, भांडं पालथं घातलं. तीही तुमचीच सवय लागलेली.

"दीदी," ते म्हणाले, "एक बात बोलूं? उस दिन दादू गंगा नहीं गया था. हावडा गया था. बस का नंबर हम बताया था."

त्यांनी आपल्या हिंदीत सगळं सांगितलं. तुम्ही हावडा स्टेशनच्या खिडकीशी रांगेत उभे राहिलात. खिडकीवरच्या माणसाला नाशिकरोड म्हणालात. तो म्हणाला, पंधरा दिवसांनंतरची जागा आहे, देऊ का? तुम्ही विचारलंत, मे महिन्यात होती का? तो हसला, ते मला कसं माहीत असेल, म्हणाला. मागचे लोक ओरडायला लागले. तुम्ही रांगेतून बाजूला झालात. येताना काश तोडलात.

"हम बोला, दादू, लिया क्यों नहीं टिकट? दादू बोला, घर में बहू अकेली है. वो बोलती नहीं."

सुबलदा गेल्यावर मी दार लावून तिथेच खाली बसले. तुम्ही मला माफ केलं होतं, असं वाटून मला रडू यायला हवं होतं. मला राग आला, बाबा. तुमचा. तुम्हाला कळलं होतं तर दारात उभं राहून मला विचारायचं होतं, "खोटं का बोललीस?" त्याच दिवशी तिकीट काढलं असतं मी. तुमच्या पाया पडले असते. त्याऐवजी तुम्ही काशाचे तुरे आणलेत, माझं ओरडणं ऐकून घेतलंत, गेटवरचा आडवा हात सोसलात आणि दोन महिन्यांनी पुन्हा तिकीट मागितलंत. मागत होतात का तुम्ही खरंच? की मला खरं बोलायची एक संधी देत होतात? आणि मी मोबाइलसुद्धा उघडला नाही.

मी तुम्हाला या मजल्यावर कोंडून ठेवलं असं मला वाटत होतं, तेच पुरेसं वाईट होतं. तुम्हाला दार उघडं दिसलं होतं आणि माझ्यासाठी तुम्ही आत थांबलात. याचं मी काय करू?

आज दहावा. निखिलने सकाळी प्रवरेच्या घाटावरून व्हिडिओ कॉल केला. उन्हं कोवळी होती, डोकं भादरलेला निखिल ओळखू येत नव्हता. पाणी अगदी थोडं होतं, खडक वर आलेले. पिंडाला कावळा लगेच शिवला, त्याने सांगितलं. मग फोन जवळ घेऊन, हळू आवाजात म्हणाला, "इथे सगळे एकच विचारताहेत, मनीषा. तीन वर्षांत एकदाही कसे आले नाहीत? काय सांगू?"

अन्वी शाळेत होती. घरात कोणी नव्हतं.

"सांग, मी येऊ दिलं नाही," मी म्हटलं. "तीनदा तिकीट मागितलं त्यांनी. जागा होत्या. मी वेटिंग सांगितलं."

हावड्याचंही सांगितलं. गेटचंही. फोनमध्ये वारा वाजत होता. निखिल चालत चालत माणसांपासून लांब गेला, फोनमध्ये त्याचा कान आणि मागचं आभाळ एवढंच दिसत राहिलं.

मग तो म्हणाला, "मलाही विचारलं होतं बाबांनी. जर्मनीत होतो तेव्हा, फोनवर. मी म्हटलं, मनीषाला विचारून बघा, तिची अडचण नको व्हायला. पुन्हा तो विषय कधी काढला नाही मी. सोयीचं होतं मला ते."

तो रडत होता की नाही ते मला कळलं नाही. मागून कोणीतरी त्याला हाक मारली आणि तो "आलो" म्हणून गेला. फोन बंद करायचा राहिला. मग बराच वेळ त्यात नुसती दगडी पायऱ्यांची कड दिसत होती, आणि लोकांचे पाय.

म्हणजे तुम्ही आम्हा दोघांनाही विचारून बघितलं होतंत. त्याने तुम्हाला माझ्याकडे पाठवलं, आणि मी परत फिरवलं.

रविवारी निखिल परत येईल. सोमवारपासून या टेबलाशी आम्हाला समोरासमोर बसून जेवायचं आहे, एकमेकांबद्दल सगळं माहीत असताना, वाढ म्हणायचं आहे, पुरे म्हणायचं आहे. माझ्याबद्दल सगळं माहीत होऊनही तुम्ही माझ्यासमोर दीड वर्ष जेवलात, आणि रोज म्हणालात, आमटी चांगली झालीय. ते कसं करायचं, बाबा, एवढं मात्र तुमच्याकडून शिकायचं राहून गेलं.